फटफटीचा मुऱ्हाळी

आमच्या गोठ्यात त्या वर्षी चार जनावरं होती. दोन बैल, एक म्हैस आणि आबांची फटफटी. पहिल्या तिघांना दोन्ही वेळा वैरण-पाणी मिळायचं. चौथीच्या अंगावर कपाशीच्या पऱ्हाट्यांचा भारा टाकलेला असायचा आणि तिच्या सीटवर एक तांबडी कोंबडी नेमाने अंडी घालायची. चुलीसाठी काड्या ओढताना कधी हँडल हाताला लागलं की माय दचकायची आणि म्हणायची, "हे धूड कधी जाईल घरातून?" धूड जात नव्हतं, कारण आबा ते विकूही देत नव्हते आणि चालवतही नव्हते. त्यामागची हकीकत पारोळ्याच्या बाजारात कुणालाही विचारली असती तरी कळली असती, इतकी ती फिरलेली होती. आबांनी फटफटी एका कंत्राटदाराकडून जुनीच घेतली होती. एकदा गावच्या उतारावरून येताना ब्रेक लागला नाही. उताराच्या पायथ्याशी पारासमोर कुणाच्या तरी लग्नाची पंगत बसली होती. आबा मांडवाचा एक खांब बरोबर घेऊन आत शिरले आणि वरणाच्या पातेल्यापाशी जाऊन थांबले. खांब मोडला, आबांचा पाय मुरगळला, बाकी कुणाला काही झालं नाही. नवरीचा आजा शांतपणे म्हणाला, "आबा, आलाच आहात तर बसा, गरम वाढतो." आणि आबा बसले. पडण्याबद्दल मायने त्यांना कधीच माफ केलं होतं. जेवायला बसण्याबद्दल शेवटपर्यंत केलं नाही. "बोलावणं नसताना," ती म्हणायची, "आणि वर दोनदा वरण मागून घेतलं."

त्या दिवसापासून फटफटी गोठ्यात आणि आबा पायी.

घरात आम्ही पाच जण. आबा, माय, आबांची आई म्हणजे आमची जिजी, थोरली बहीण लीलाअक्का आणि मी, शकू. भाऊ नव्हता. याचं मला काडीचं दुःख नव्हतं, कारण भावाच्या वाटची सगळी मस्ती मीच करून टाकत असे. त्या वयात मी स्वतःला फार मोठी समजायचे. मला वाटायचं की मला सगळं येतं, फक्त अजून कुणी करायला दिलेलं नाही. आज माझी नात तिच्या स्कूटरवर मला मागे बसवते तेव्हा म्हणते, "आजी, घट्ट धर आणि बोलू नकोस." त्या वेळी मला हे सांगणारं कुणी भेटलं असतं, तर हे प्रकरण लिहायची वेळ आली नसती.

अक्काचं लग्न त्या थंडीत झालं. तिचं सासर धुळ्याच्या अलीकडे, डांबरी सडक सोडून आत गेलं की. लग्नात वरातीची तयारी चालली होती, बायका पानं जुळवत बसल्या होत्या आणि अक्काच्या सासूबाई, ज्यांना मी मावशी म्हणायचे, सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "भाऊ त नही शे यास्ना घरमा. आखाजीले मुऱ्हाळी कोन येई?"

खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. तुमच्याकडे त्या दिवशी सोनं घेत असतील. आमच्याकडे त्या सणाला सासरी गेलेली पोर माहेरी येते. निंबाला झोके बांधतात, आमरस होतो, खापरावर मांडे भाजतात आणि वर्षभर डोक्यावरचा पदर न ढळलेल्या सुना झोक्यावर उभ्या राहून ओरडतात. पण पोरीने आपली आपण पिशवी उचलून यायचं नाही. माहेराहून तिला घ्यायला माणूस जावा लागतो. बहुधा भाऊ जातो. तो मुऱ्हाळी. मुऱ्हाळी दारात आला नाही तर पोर दारातच.

मावशींच्या त्या बोलण्यावर मायने मान खाली घातली. अक्काने मुंडावळ्यांच्या आडून माझ्याकडे पाहिलं. तिला मी माहीत होते, त्यामुळे ती डोळ्यांनी मला 'नको' म्हणत होती. मी म्हणाले, "मी येईन मुऱ्हाळी."

"तू? कशावर येशी?"

"फटफटीवर," मी म्हणाले. "आमची फटफटी आहे."

मांडवात इतकं हसू झालं की वाजंत्रीवाल्याने काय झालं ते बघायला वाजवणं थांबवलं. मावशी मात्र हसल्या नाहीत. त्यांनी सुपारी फोडली, अडकित्ता मिटला आणि म्हणाल्या, "बरं तर. पाच बायका ऐकत आहेत. फटफटी घेऊन तू आलीस तर सून पाठवीन. दुसरा कोणी आला तर त्याला चहा पाजीन आणि परत लावीन."

मग थंडी सरली, होळी झाली, आणि मी ते सगळं विसरून गेले. मला वाटलं, मोठी माणसं काहीतरी करतील. मावशी विसरल्या नव्हत्या. चैत्र लागला तसा त्यांचा निरोप एसटीच्या ड्रायव्हरबरोबर आला. आमच्या फाट्यावर गाडी थांबवून त्याने भर गर्दीत आबांना सांगितला: "तुमच्या विहीणबाई विचारतात, मुऱ्हाळीच्या फटफटीला चाकं आहेत का?"

आबा घरी आले, टोपी खुंटीला लावली आणि जिजीला म्हणाले, "हिला विहिरीत ढकलू की फटफटीवर बसवू?"

जिजी वाती वळत होती. "विहिरीले पानी कमी शे," ती म्हणाली.

त्या रात्री मला अक्काची आठवण येऊन रडू आलं, पण ते मी कुणाला कळू दिलं नाही. लग्नानंतर ती एकदाही आली नव्हती. तिच्या झोक्याचा दोर माळ्यावर गुंडाळून ठेवलेला होता. आपल्या जिभेमुळे अक्का पहिल्या आखाजीला सासरीच पापड लाटत बसणार, हे राहून राहून मनात येत होतं. आबा तसे रागीट नव्हते. सकाळी त्यांनी स्वतःच पऱ्हाट्यांचा भारा बाजूला केला, कोंबडीला उठवलं आणि म्हणाले, "शब्द गेला आहे, तो आता परत येत नाही. पण एक ऐक. ब्रेक लागतो हे माझ्या डोळ्यांना दिसल्याशिवाय ही फाटकाबाहेर जाणार नाही. अक्का नाही आली तरी चालेल, तू जायला नको." हे बोलताना त्यांचा आवाज थोडा चिरकला, तेव्हा ते कोंबडीवर ओरडले.

फटफटी दुरुस्त करणारा माणूस आमच्या गावात नव्हता. यशवंत मिस्त्री होता, तो विहिरीवरची इंजिनं दुरुस्त करायचा आणि त्याच्या इंजिनांपेक्षा जास्त आवाज तोच करायचा. गोठ्यात शिरून त्याने फटफटीला प्रदक्षिणा घातली. "इंजिन ते इंजिन, आबा," तो म्हणाला. "विहिरीवरचं पाणी ओढतं, हे माणूस ओढतं. फरक एवढाच, विहिरीवरचं पळून जात नाही."

"तेच तर," आबा म्हणाले. "हे पळालं होतं."

मिस्त्रीने एकेक भाग काढून गोणपाटावर मांडला. हवेच्या गाळणीत उंदरांनी घर केलं होतं आणि अक्काच्या हळदीच्या साडीचा हरवलेला काठ तिथे सापडला. क्लचची तार कुरतडलेली, ब्रेकची तार गंजून काठीसारखी ताठ, चेनचे दुवे एकमेकांना चिकटलेले. चेन रॉकेलच्या डब्यात बुडवून ठेवली. टायरला बोट घालता येईल एवढ्या भेगा होत्या. नवे अमळनेरहून मागवले. मी मिस्त्रीच्या शेजारी बसून त्याला हे कशाला, ते कशाला विचारायचे आणि उत्तर मिळायच्या आत "मला माहीत होतं" म्हणायचे. दोन-चार दिवसांत मी विहिरीवर पाणी भरायला येणाऱ्या बायकांना कार्ब्युरेटर समजावून सांगू लागले. त्यांनी ते ऐकून घेतलं, कारण घागर भरेपर्यंत त्यांना दुसरं काम नव्हतं.

टाकीपाशी मात्र घोडं अडलं. आतून सगळी गंजलेली. हलवली की तांबडी पूड पडायची. मिस्त्री म्हणाला, नवीन टाकी बघावी लागेल, आणि नवीन टाकी आखाजीपर्यंत मिळायची नाही. जिजी ओट्यावरून हे ऐकत होती. तिने विचारलं, "तांब्याचा हंडा काळा पडला तर नवा आणता का?" आणि आत जाऊन चिंचेचा गोळा आणला. चिंचेचा कोळ टाकीत ओतला, वर नदीतले बारीक खडे घातले, तोंडाला चिंधी कोंबली. आता ते हलवायचं कसं? मिस्त्रीचे हात दुखले, माझे दुखले. शेवटी मी माळ्यावरून अक्काच्या झोक्याचा दोर काढला, निंबाला बांधला, टाकी पोत्यात घालून पाटावर आवळून बांधली आणि दिला हेलकावा. खडे आत खळाखळा वाजू लागले. त्या वर्षी गावातला आखाजीचा पहिला झोका आमच्या टाकीने घेतला. गल्लीतल्या पोरी जमल्या. एकीने गाणंही सुरू केलं. माय दारात उभी राहून पदराने तोंड झाकून हसत होती आणि हसता हसता मध्येच डोळे पुसत होती, कारण तो दोर अक्काचा होता. चिंचेचं पाणी दोनतीनदा बदलल्यावर टाकी आतून कोऱ्या पातेल्यासारखी निघाली. ती उन्हात खडखडीत वाळवली आणि मिस्त्रीने बाहेर सांगितलं की ही त्याचीच युक्ती.

मग ब्रेकची परीक्षा. मिस्त्रीने ब्रेकचे पट्टे काढून बघितले, काचेसारखे गुळगुळीत झाले होते. ते त्याने पॉलिशपेपरने घासले, नवी तार ओवली आणि जाहीर केलं, "आता डोंगरावरून सोडा." डोंगर नव्हता, तोच जुना उतार होता. मी आबांचा पायजमा घालून, दोरीने कमरेला बांधून बसले. चालवायला आबांनीच शिकवलं होतं, गोठ्यामागच्या पडीक शेतात, बाजेवर बसून हातवारे करत. चालवणं मला बऱ्यापैकी जमलं होतं. थांबवणं मी शिकले होते असं मला वाटत होतं.

तो महिना पापडांचा. उताराच्या पायथ्याशी, जिथे पूर्वी पंगत बसली होती तिथे, आमच्या शेजारच्या गोदाकाकूने जुनी लुगडी अंथरून उडदाचे पापड वाळत घातले होते. मी वरून निघाले. वेग वाढला. ब्रेक दाबला. फटफटीने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्या क्षणी माझ्या डोक्यातून मिस्त्री, आबा, कार्ब्युरेटर सगळं उडालं आणि जन्मापासून जे ऐकलं होतं तेच तोंडातून आलं. मी दोन्ही पाय जमिनीला घासत, हँडल मागे ओढत ओरडले, "हो, हो, हो रे राजा, हो." बैल असता तर थांबला असता. फटफटी गोदाकाकूच्या लुगड्यांवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत पापडांवर आपली नक्षी काढत गेली आणि पलीकडच्या उकिरड्यात शिरून गप झाली.

गोदाकाकू आली. तिने आधी मला उकिरड्यातून ओढून उभी केली, हातपाय चाचपून पाहिले, काही मोडलं नाही याची खात्री केली आणि मग बोलायला लागली. ते मी इथे लिहीत नाही. पुढचा आठवडाभर मी दुपारची तिच्या ओसरीवर पापड लाटत होते. टायरची नक्षी असलेले पापड तिने फेकले नाहीत. तळून पाहुण्यांना वाढायची आणि म्हणायची, "हा शकूच्या कंपनीचा."

आबांनी मिस्त्रीला समोर बसवलं. "घासलेलं चालणार नाही. नवे पट्टे."

"आबा, ते धुळ्याला मिळतील. आखाजी तोंडावर आली."

"आखाजी दर वर्षी येते," आबा म्हणाले.

नवे पट्टे धुळ्याहून त्याच एसटी ड्रायव्हरबरोबर आले. मावशींचा निरोप त्यानेच आणला होता, त्यामुळे आता तोही या प्रकरणात गुंतला होता आणि फाट्यावर उतरणाऱ्या प्रत्येकाला ताजी खबर देत होता. पट्टे बसवले. दुसऱ्या परीक्षेच्या सकाळी आबांनी स्वतः बाज उचलली, उताराच्या पायथ्याशी रस्त्यावर आडवी टाकली आणि तिच्यावर मांडी घालून बसले. माय धावत आली. "हे काय?"

"मी इथे बसतो. थांबली तर ती अक्काला आणायला जाईल."

"आणि नाही थांबली तर?"

"तर आणायला जायची गरज नाही. कळवलं की अक्का आपोआप येईल."

जिजी म्हणाली, "टोपी घालून बस, ऊन शे."

मी फटफटी घेऊन उताराच्या माथ्यावर गेले. वरून मला आबा एवढेसे दिसत होते, बाजेवर ताठ बसलेले, तंबाखू मळत. गोदाकाकूने आपले पापड आधीच उचलले होते आणि गल्ली कडेला उभी होती. मी निघाले. या वेळी मी कुणाला राजा म्हटलं नाही. अर्ध्या उतारावर दोन्ही ब्रेक हळूहळू दाबत आणले, मागचा आधी, पुढचा बेताने, जसं शिकवलं होतं तसं. फटफटी कुरकुरली, मान खाली घातल्यासारखी झाली आणि बाजेच्या पायापासून दोन हातांवर उभी राहिली. आबांनी तंबाखू तोंडात टाकली. "पुन्हा," ते म्हणाले. असं त्यांनी दुपारपर्यंत करायला लावलं. शेवटी शेवटी तर ते बाजेवर झोपून गेले. लोक म्हणाले, आबांना खात्री पटली. माय म्हणाली, त्यांना कुठेही झोप लागते.

आखाजीच्या आदल्या दिवशी निघायचं ठरलं. त्या फटफटीच्या पेट्रोलमध्ये थोडं इंजिन ऑइल मिसळावं लागे, नाहीतर इंजिन आतून जाम होई. हे मला पाठ होतं. ऑइल मिस्त्रीच्या दुकानात होतं. सकाळी मी दुकानावर गेले तर कुलूप. मिस्त्री स्वतःच्या बहिणीला आणायला एदलाबादकडे, म्हणजे आजच्या मुक्ताईनगरकडे, मुऱ्हाळी म्हणून पहाटेच्या गाडीने गेला होता. शेजारचा दुकानदार बहिणीकडे. गावात ज्याच्याकडे ट्रॅक्टर होता तो चाळीसगावला, बहिणीकडे. आमच्या गावातले सगळे कामाचे पुरुष त्या दिवशी कुठल्या ना कुठल्या गावी बहिणीच्या सासरी चहा पीत बसले होते. पारोळ्याला माणूस धाडून ऑइल येईपर्यंत दुपार टळली असती आणि दिवस बुडायच्या आत अक्काला घेऊन परतायचं होतं.

जिजी म्हणाली, "काय अडनं?" मी सांगितलं. तिने सरळ कोठीतला डबा पुढे केला. आमच्याच शेतातल्या शेंगांचं, तेल्याच्या घाण्यावरून काढून आणलेलं, सोन्यासारखं तेल. "बाळंतीणले चालस, पोरेस्ले चालस, मंग या लोखंडले काबर नही चालस?"

आता मला माहीत होतं की हे ते तेल नव्हे. पण मी विचार केला, आणि माझा विचार हाच कायम माझ्या वाईटाला कारण झाला आहे. ते दुकानातलं ऑइल काळं, घाणेरडं, कुठून आलं कुणास ठाऊक. आमचं तेल गावात नावाजलेलं. माणसाच्या पोटात जातं ते यंत्राला हलकं कसं पडेल? उलट यंत्राला इतकं चांगलं खायला कधी मिळालंच नसेल. आबा बैलांना पाणी दाखवायला गेले होते. मी तेल मोजून टाकीत ओतलं आणि वर, चांगलं चालावं म्हणून, थोडं जास्तच ओतलं. फटफटी पहिल्या किकला सुरू झाली. जिजीने माझ्याकडे विजयाने पाहिलं. आबा आले, त्यांनी हवा बघितली, चेन बघितली, ब्रेक दोनदा दाबून बघितला आणि आपलं उपरणं माझ्या डोक्याला गच्च बांधलं. माझी नात हे वाचून म्हणाली, "आजी, हेल्मेट? लायसन्स?" मी तिला म्हणाले, पुढे वाच. तू हे करायचं नाहीस, एवढं लक्षात ठेव.

गावाबाहेर पडल्यावर थोड्याच वेळात मला भुकेची जाणीव झाली. सकाळी तर दादरची, म्हणजे रब्बी ज्वारीची, भाकरी आणि ठेचा खाऊन निघाले होते. मग नाकात वास शिरला. भजी. कुणीतरी जवळपास भजी तळत होतं. पुढच्या वस्तीवरही तळत होतं. त्याच्या पुढच्या वस्तीवरही. मी मनात म्हटलं, आखाजीची तयारी जोरात दिसते. एका गावात मंडळी घराबाहेर येऊन माझ्या मागे बघू लागली तेव्हा मी मागे वळून पाहिलं. माझ्यामागे पांढऱ्या धुराचा लांबलचक पदर होता आणि तो वास त्यात होता. मागून दोन कुत्री जीव तोडून धावत येत होती. पाराजवळ बसलेला एक म्हातारा ओरडला, "काय व माय, कोनाकडे जेवन शे?" मी मान आणखी ताठ केली. मुऱ्हाळीने रुबाबात जायचं असतं.

अशी मी अक्काच्या सासरी पोचले. आत स्वयंपाकघरात मावशींना वास आला आणि त्या, "कढई कोणी ठेवली चुलीवर?" असं सुनांवर ओरडत होत्या. सुना म्हणत होत्या, चूल थंड आहे. तेवढ्यात मी दारात येऊन ब्रेक दाबला. फटफटी बरोबर उंबऱ्यासमोर थांबली, एकदा खोकली आणि बंद पडली. धूर अंगणात पसरला. धुरातून आधी मावशी दिसल्या आणि त्यांच्यामागे, तोंडाला पदर लावलेली, थोडी वाळलेली अक्का. तिचे खांदे हलत होते. ती हसते की रडते ते मला कळेना. ती दोन्ही करत होती.

"काय व," मावशी म्हणाल्या, "भजा तळत उनी का?"

"मुऱ्हाळी आलाय," मी म्हणाले. "अक्काची पिशवी भरा."

त्यांनी मला पाणी दिलं, गूळ दिला. नंतर त्या फटफटीभोवती फिरल्या. त्यांचं बोलणं मी जमेल तिथे पुस्तकी करून लिहिते, कारण ते होतं तसं लिहिलं तर नात म्हणते कळत नाही. "आलीस खरी," त्या म्हणाल्या. "आता चालू कर."

मी किक मारली. काही नाही. पुन्हा मारली. गाव जमलं. दाजी, म्हणजे अक्काचा नवरा, मारू लागले. काही नाही. मला मिस्त्रीने दाखवलेला इंजिनाचा स्पार्क प्लग आठवला. काढून बघितला तर त्याच्यावर पुरीच्या कढईच्या बुडाला बसते तशी चिकट काळी खरपुडी. मावशींनी माझ्या हातातून तो घेतला, उलटासुलटा केला. "हे एवढंच? हे तर भांडं आहे." चुलीतली कोरडी राख, पितळेची तार आणि फडकं घेऊन त्या उंबऱ्यावर बसल्या आणि प्लग असा लख्ख केला की देवघरात ठेवावा. तो बसवला. फटफटी सुरू झाली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी अक्काकडे पाहिलं. तिने पिशवी काखोटीला मारलीच होती.

"थांब," मावशी म्हणाल्या. "माझी सून मी अशी बसवणार नाही. आधी मी बसून बघते. मग ठरवू."

"आई, तुम्ही?" दाजी म्हणाले.

"का? मी पडले तर तुम्हाला दहा दिवस सुतक. ती पडली तर तिच्या माहेरचे जन्मभर बोलतील." त्यांनी लुगड्याचा काष्टा घट्ट केला, दोन्ही बाजूंना पाय टाकून मागे बसल्या आणि माझ्या कमरेला अशी मिठी मारली की मला श्वास घेता येईना. "चल. शिवारातून एक फेरी मार."

आम्ही शिवारात गेलो. खळ्याजवळ अचानक शेळ्यांचा कळप आडवा आला. मी काहीही न बोलता, कुणाला राजा न म्हणता, ब्रेक दाबला आणि फटफटी पहिल्या शेळीच्या दाढीपाशी उभी राहिली. शेळीने टायरचा वास घेतला, चाटलाही. मागून एक मान माझ्या खांद्यावरून पुढे आली आणि तिने चाक पाहिलं, शेळी पाहिली. मग मावशी म्हणाल्या, "ब्रेक चांगला आहे."

"वडील बाजेवर बसले होते त्यासाठी," मी सांगितलं, सगळी हकीकत सांगितली. त्या हसल्या. पहिल्यांदाच. मी फटफटी वळवायला लागले तर त्यांनी माझ्या पाठीवर बोट ठेवलं.

"तिकडे नको. त्या बाभळीपासून उजवीकडे घे."

"तिकडे काय आहे?"

"मन्हा माहेरना रस्ता," त्या म्हणाल्या.

मी फटफटी उभी केली, पण बंद केली नाही. त्या माझ्या पाठीशी बोलत होत्या, मला त्यांचं तोंड दिसत नव्हतं. भाऊ होता, तो थकला. भाचे जळगावला नोकरीला. आधी दर आखाजीला बैलगाडी यायची. मग एक वर्ष आली नाही, मग पुढच्या वर्षीही नाही. "बिनबोलावता कशी जाणार? बाईने आखाजीला पायी चालत माहेरी गेलेलं कुणी पाहिलंय? दोन शिवारांवर गाव आहे, संध्याकाळी वारा फिरला की तिथली भजनं ऐकू येतात मला." मग त्या म्हणाल्या, "मुऱ्हाळी दारात आला तर रिकामा पाठवायचा नसतो. आणि तू कुणाची मुऱ्हाळी, हे तिथे कोण विचारतंय?"

"आणि अक्का?"

"तिला तिचा नवरा बसने पाठवेल, आत्ताच्या गाडीने. मी खळ्यावरच्या गड्याला सांगते, तो धावत जाऊन निरोप देईल. शब्द मी मोडत नाही. पण या धुराच्या मशिनीवर ती नको, तिला अजून पुष्कळ जगायचं आहे." मग माझ्या कमरेभोवतीची मिठी पुन्हा आवळली गेली. "चल आता. हळू नको."

गावाच्या वेशीतून आम्ही शिरलो तेव्हा दोन्ही बाजूंची दारं वासाने आधीच उघडली होती. मावशींचा भाऊ ओट्यावर बसलेला होता, डोळ्यांना कमी दिसणारा. त्याने नाक वर करून विचारलं, "कोणाकडे तळण आहे रे?" आणि मग धुरातून आपली बहीण उतरताना त्याला दिसली, आधी लुगडं, मग ती. तो उठायला गेला आणि त्याला उठता येईना. मावशींनी त्याच्या पाया पडायच्या आधी सांगितलं, "मुऱ्हाळी घेऊन आली, बिनबोलावती नाही आले." मी फटफटी भिंतीला टेकवून उभी होते आणि सुरू ठेवावी की बंद करावी ते मला सुचत नव्हतं.

घरी मी एकटीच परतले, वाटेत दोनदा प्लग राखेने घासून. दिवस मावळायला आला होता. फाटकापाशी आल्या आल्या झोक्याच्या दोराचा कर्रकर्र आवाज आला आणि अक्काचा ओरडा. ती माझ्या आधी बसने पोचून निंबाच्या झोक्यावर चढली होती. माय तिला 'पडशील' म्हणत होती आणि खाली उतरू देत नव्हती. आबांनी फटफटीचा वास घेतला, टाकीचं झाकण उघडलं, आत बघितलं, जिजीकडे बघितलं. जिजी लगेच वाती वळू लागली. आबा माझ्याकडे वळले. त्यांनी एवढंच विचारलं, "ब्रेक लागला?"

"लागला."

"मग जेवायला चल."

आखाजी संपून मिस्त्री आला, त्याने इंजिन उघडलं आणि आत जे दिसलं त्याला तो आयुष्यभर 'शकूची कढई' म्हणत राहिला. ते सगळं साफ करून त्याने डब्याभर काळं ऑइल आमच्या कोठीत, गोडेतेलाच्या डब्यापासून लांब, ठेवून दिलं. पुढच्या चैत्रात मी अगदी नीट तयार होते. ऑइल होतं, प्लग नवा होता, उतारावर बाज टाकून आबांची झोपही झाली होती. आखाजीच्या चार दिवस आधी एसटीच्या ड्रायव्हरने फाट्यावर गाडी थांबवली आणि खिडकीतून मावशींचा निरोप सांगितला. भर गर्दीत, पूर्वीसारखाच.

"तुमच्या विहीणबाई म्हणतात, मुऱ्हाळी पाठवा. पण तेल मात्र घाण्याचंच टाका. मागच्या वेळी त्यांच्या माहेरी वेशीपासून कळलं होतं की कोण आलंय."